सिग्विनचं देणं

कॉलेजात असताना घरी एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर बाबांच्या दुकानाचे हिशेब चालत. त्यामुळे विंडोज काढणं किंवा डिस्कची वाटणी करून शेजारी लिनक्स बसवणं शक्यच नव्हतं. युनिक्सचा सराव करायचा तो लॅबमध्ये, मशीन रिकामं मिळालं तर.

वरच्या वर्गातल्या एका दादाने ही अडचण ओळखली. विंडोजमध्येच युनिक्सची साधनं वापरू देणाऱ्या सिग्विनची पॅकेजं तो सीडीवर घेऊन घरी आला. आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. त्याने सेटअपमध्ये ‘लोकल डिरेक्टरी’ निवडली. जीसीसी आणि मेक आपोआप येत नाहीत, ती यादीतून कशी निवडायची, हे त्याने शेजारी बसून दाखवलं. विंडोजच्या फाइलींमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असतं, त्याने स्क्रिप्ट अडते; त्यावर ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवायचं, हेही त्यानेच शिकवलं. निघताना म्हणाला, “सीडी राहू दे तुझ्याकडे. मशीन फॉरमॅट झालं की लागेल.”

सिग्विनच्या बॅश शेलवर मी ग्रेप, सेड, ऑक शिकलो. बाबांची उधारीची यादी ऑकने गावनिहाय लावून दिली, तेव्हा त्यांनाही या काळ्या खिडकीचा उपयोग पटला. पुढे नोकरी मिळाली ती याच सरावावर.

दादाइतकाच मी काही अनोळखी माणसांचाही ऋणी आहे. 1995 मध्ये सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी सिग्विनचं काम सुरू केलं. त्यात अडचण अशी होती: युनिक्सचा प्रोग्राम ‘फोर्क’ करून स्वतःची प्रत काढतो. विंडोजमध्ये तशी सोय नाही. म्हणून सिग्विन नवी प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत उभी करतं आणि मूळ प्रोसेसची मेमरी तिच्यात उतरवतं. हे संथ चालतं, पण चालतं. कोरिना विन्शेन यांच्यासारख्यांनी हा सांधा वर्षानुवर्षं सांभाळला आणि सोर्स सगळ्यांसाठी खुला राहिला.

2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं डब्ल्यूएसएल आणलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर खरा लिनक्स कर्नल चालतो. आता एका आज्ञेत उबंटू बसतं. तरीही पहिल्यांदा ती काळी खिडकी उघडणाऱ्याला शेजारी माणूस लागतोच. तुमच्या ओळखीत असा कुणी विद्यार्थी असेल, तर नुसती लिंक पाठवू नका. तासभर त्याच्याजवळ बसा.