रमजान की रमदान?

गेल्या काही वर्षांत आमच्या सांगोल्यातही ‘रमदान करीम’ असे शुभेच्छांचे संदेश मोबाईलवर येऊ लागले आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘रमजान’ म्हणणाऱ्या दादीला शाळकरी नातू “चुकीचं बोलतेस” म्हणतो, आणि पन्नास-साठ वर्षे रोजे धरलेली ती बाई गप्प बसते. ते गप्प बसणे मला खुपते.

शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ होरपळवणारी उष्णता. वाद आहे तो त्यातल्या एका अक्षराचा. उर्दूत आपण त्याला ‘ज़ाद’ म्हणतो. जिभेची कड वरच्या दाढांना लावून ते उच्चारायचे, असे तजवीदमध्ये शिकवतात. आपला ‘ज’ तिथे पोचत नाही हे खरे, पण आपला ‘द’ तरी कुठे पोचतो? तमिळमध्ये याच महिन्याला ‘रमलान’ म्हणतात. फारसीत त्या अक्षराचा उच्चार ‘ज़’ झाला आणि फारसीच्या वाटेने शब्द उर्दूत, दखनीत, मराठीत आला.

तो एकटा आला नाही. अर्ज, कर्ज, मर्जी, गरज, रजा, हजर, जामीन, काजी, जिल्हा या सगळ्यांत मुळात हेच अक्षर आहे. रमजान चूक असेल तर तहसील कचेरीत ‘अर्द’ द्यावा लागेल आणि सोसायटीचे ‘कर्द’ फेडावे लागेल! गंमत म्हणजे एका ठिकाणी मराठीने ‘द’सुद्धा घेतला आहे. मशिदीत वुजू करतो तो उर्दूत हौज, मराठीत हौद.

इंग्रजीतही असा एक शब्द आहे, ‘केल्टिक’. ग्रीक ‘केल्टोई’, लॅटिनमध्येही ‘क’. फ्रेंचच्या प्रभावाने इंग्रजीत त्याचा ‘सेल्टिक’ झाला, पुढे विद्वानांनी ‘क’ परत आणला. तरी ग्लासगोचा १८८७ सालचा फुटबॉल क्लब आजही ‘सेल्टिक’च आहे. त्याच्या चाहत्यांना कुणी अडाणी ठरवत नाही.

कुरआन वाचताना हे अक्षर त्याच्या जागेवरूनच निघाले पाहिजे, तिथे सवलत नको. मराठी-उर्दू बोलताना मात्र मी रमजानच म्हणतो. आणि ‘नमाज’, ‘रोजा’ हे शब्द तर अरबी नाहीतच, फारसी आहेत. सहरीला नातवाला उठवताना दादी तेच वापरते.