शिवणीत गेलेले शब्द

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये डुपेज नदीच्या काठाने जाणाऱ्या रिव्हरवॉकवर डिक ट्रेसी उभा आहे. नऊ फूट उंच, अंगात पिवळा ओव्हरकोट, डोक्यावर पिवळी हॅट, आणि मनगटावरच्या यंत्रात काहीतरी बोलतोय. चेस्टर गूल्ड यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या चित्रमालिकेतला हा डिटेक्टिव्ह. १९८३ पासून पुढे बरीच वर्षं तो डिक लॉकर यांच्या हातून उतरला. लॉकर याच गावात राहत, म्हणून २०१० मध्ये पुतळा इथे बसला. त्याच १९८३ साली लॉकर यांना राजकीय व्यंगचित्रांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. पण गावाला त्यांची आठवण ठेवावीशी वाटली तेव्हा गावाने उभा केला तो ट्रेसी. हे मला फार आवडलं. परवा एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन त्याची हॅट दाखवत होते, काहीतरी रंगवून सांगत होते. मी शेजारच्या बाकावर बसले होते, आणि मला झुंजार आठवला.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. आणि त्याच्या मागोमाग काळा पहाड. बाबूरावांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. दोन-तीन पिढ्यांनी त्या रात्री जागून वाचल्या. पण त्यांचा धडा मला शाळेत कधी नव्हता, आणि झुंजारचा पुतळाही मी कुठे पाहिलेला नाही.

आमच्या कराडला एस.टी. स्टँडजवळ एक लहानसं वाचनालय होतं. नगरवाचनालय वेगळं. तिथे खांडेकर, फडके काचेच्या कपाटात असत आणि लहान मुलांना आत जाताना चपला काढाव्या लागत. स्टँडजवळच्या दुकानात पुस्तकं दोरीवर ओळीने लटकवलेली असत. दिवसाच्या भाड्यावर मिळत. ती इतक्या हातांतून जायची, की मालक नवं पुस्तक आलं रे आलं की आधी त्याचं मूळ कव्हर काढून टाकायचा, जाड पुठ्ठा खळीने चिकटवायचा आणि दाभणाने पानांतून आरपार टाके घालायचा. काठापासून चांगली दोन बोटं आत. त्यामुळे पुस्तक फाटत नसे, पण डाव्या पानावरच्या ओळींचा शेवट आणि उजव्या पानावरच्या ओळींची सुरुवात शिवणीत जायची. पुस्तक दोन्ही हातांनी ताणून, अंगठे मधोमध दाबून धरलं तर एखादं अक्षर दिसे. कधी नुसता काना दिसे, वेलांटी दिसे, पण अक्षर दिसत नसे. ‘झुंजारने खिशातून’ इथे पान संपायचं, आणि काय काढलं ते दोऱ्याखाली.

आजीला अक्षरओळख नव्हती. दुपारी सगळं आवरलं की ती सोप्यात तांदूळ निवडायला बसे आणि म्हणे, “वाच गं तुझं ते.” पोथी मी वाचत होतेच, चातुर्मासात. पण ‘तुझं ते’ म्हणजे अर्नाळकर. मी ताणून, दाबून, वाकडी मान करून वाचायची आणि जिथे शब्द शिवणीत गेला असेल तिथे आपला घालायची. खिशातून कधी पिस्तूल निघे, कधी रुमाल, कधी विडीचं बंडल. आजीचे हात सुपात चालत असायचे. खडा सापडला की बाजूला टाकायची, डोळे वर करायची नाही. पण माझा शब्द चुकीचा पडला की तिला तत्काळ कळे. “पिस्तूल नसंल. आत्ता गेटावर झडती झाली न्हवं त्येची?” आणि खरंच, पुढच्या पानावर झुंजार रिकाम्या हाताने मारामारी करत असायचा. दोनशे पानं ऐकून कथानकाच्या सगळ्या गाठी तिच्या डोक्यात असायच्या. कुठल्या खोलीची किल्ली कुणाकडे, कोण कुणाचा भाऊ, कुणी कधी दार लावलं. खून कुणी केला ते ती माझ्या आधी सांगे, आणि खुनी सापडला तरी तिचं समाधान होत नसे. मेलेल्या माणसाच्या बायकोचं पुढे काय झालं, तिला कुणी बघितलं का, हे ती विचारायची. पुस्तकात ते नसायचं. मग मी सांगायची की ती माहेरी गेली, भावाने तिला शिवणयंत्र घेऊन दिलं. त्यावर आजी मान हलवायची आणि सूप पाखडायला घ्यायची.

अक्षर न येणाऱ्या एका बाईइतका दक्ष वाचक मला पुढे क्वचितच भेटला, एम.ए.च्या वर्गातसुद्धा. तिला कुणी आस्वाद शिकवला नव्हता. तिला ती गोष्ट हवी होती, एवढंच. हे हवंसं वाटणंच वाचनाचं मूळ आहे असं मला वाटतं, आणि ते रहस्यकथेतून आलं की गीताईतून याचा भेद करावासा वाटत नाही.

इथे नेपरव्हिलच्या शाळांत मुलांच्या वाचनाला आकडा देतात. लेक्साइल म्हणतात. माझ्या नातीचा आकडा अमुक, म्हणून तिने अमुक ते तमुक या पट्ट्यातली पुस्तकं घ्यावीत. शिक्षकांना त्याचा उपयोग होत असेल. पण नववीतल्या भावाचं जाड पुस्तक उचलून नात ते पलंगाखाली नेते, अर्ध्याहून जास्त शब्द कळत नसताना तिथे तासभर पडून राहते, तेव्हा मी तिच्या आईला हाक मारायला जाऊ देत नाही.

गावातलं मोठं ग्रंथालय, निकल्स लायब्ररी, जेफरसन अॅव्हेन्यूवर आहे. जेम्स निकल्स हे इथल्या कॉलेजात शिकवायचे. त्यांनी धंद्याचे व्यवहार साध्या माणसाला कळावेत म्हणून ‘बिझनेस गाइड’ नावाचं पुस्तक काढलं. ते एजंटांनी दारोदार फिरून विकलं आणि अफाट खपलं. त्यांनी मृत्युपत्रात गावाला १०,००० डॉलर ठेवले आणि त्यातून १८९८ मध्ये पहिली इमारत उघडली. म्हणजे दारावर विकल्या गेलेल्या पुस्तकाच्या पैशातून हे ग्रंथालय उभं राहिलं. त्याच रस्त्यावर थोडं पुढे अँडरसन्स बुकशॉप. हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक २००७ च्या जुलैत मध्यरात्री विक्रीला आलं, तेव्हा या दुकानाच्या निमित्ताने सगळं डाउनटाउन झगे आणि टोप्या घातलेल्या मुलांनी भरलं होतं. मुलं पुस्तकासाठी रात्री बारापर्यंत रस्त्यावर थांबतात, यापेक्षा चांगली बातमी कुठल्या गावाला काय हवी?

नातीला मी फास्टर फेणे वाचून दाखवते. भा. रा. भागवतांवर माझं मन आहे, कारण बनेशच्या, म्हणजे फेणेच्या, आडून ते कधी उपदेश करत नाहीत. आमच्या लहानपणी मुलांच्या कितीतरी गोष्टींच्या शेवटी कुणीतरी शहाणं होई. बन्या शहाणा होत नाही. तो फुरसुंगीचा आहे, काटकुळा आहे, सायकल मारतो आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा संकटात उडी घेतो. नातीला वाडा माहीत नाही, जिना म्हणजे काय ते माहीत आहे, बोळ माहीत नाही. मी थांबून अर्थ सांगत बसत नाही. ती आपला वाडा बांधते. तिच्या वाड्याला बेसमेंट आहे आणि गराज आहे, हे मला एकदा तिने काढलेल्या चित्रावरून समजलं. बन्या गराजच्या छपरावरून उडी मारत होता. भागवतांना ते चाललं असतं.

ते पलंगाखालचं जाड पुस्तक स्टीफन किंगचं होतं, ‘सेलम्स लॉट’. नातू त्याची गोष्ट सांगू लागला. एक लेखक लहानपणीच्या गावात परत येतो, टेकडीवर एक ओसाड घर असतं. त्याने इतकं सांगताच माझ्या पाठीवर काटा आला, कारण हे घर मला माहीत होतं. नारायण धारपांची ‘लुचाई’ मी कॉलेजात असताना वाचली होती, पावसाळ्यात, कराडच्याच त्या घरात, आणि नंतर कित्येक रात्री परसातल्या मोरीकडे एकटी गेले नव्हते. ती किंगच्या या १९७५ च्या कादंबरीवरून घेतलेली आहे हे पुष्कळ वर्षांनी समजलं. त्याचा मला राग आला नाही. धारपांनी ती भीती आमच्या गल्लीतून, आमच्या अंगणातून, आमच्या देव्हाऱ्याच्या उजेडापर्यंत आणली होती, आणि समईची वात किती वेळ पुरेल याची जी धास्ती ‘लुचाई’ वाचताना मला वाटली ती किंगच्या मेन राज्यातल्या बर्फाने मला कधीच वाटली नसती.

नातू म्हणतो, किंगच भारी, ओरिजिनल आहे. मी म्हणते, आधी ऐकून तर घे. त्याचं मराठी धाकटीपेक्षा कच्चं आहे, पण बसतो म्हणालाय. पुण्याहून येणाऱ्या भाच्याला ‘लुचाई’ची प्रत आणायला सांगितली आहे, आणि नवी छापील मिळाली नाही तर अप्पा बळवंत चौकात जुन्यांत बघ, असंही.