मोडून ठेवलेली नाव

नाव असते ती पाण्यात लोटण्यासाठी, एवढे ज्ञान मला लहानपणापासून आहे. त्यामुळे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणी एक थोरली नाव घडवली, सुटी केली आणि जमिनीत पुरून ठेवली, हे प्रथम वाचले तेव्हा मला हसूच आले. ते हसू अलीकडे मावळले आहे. कसे, ते सांगतो.

१९५४ साली इजिप्तमध्ये गिझाच्या थोरल्या पिरॅमिडच्या दक्षिण अंगाला, कमाल अल-मल्लाख यांना अवजड शिळांनी झाकलेला एक खड्डा सापडला. आत खुफू राजाची नाव होती; पण नावेच्या रूपात नव्हे. एकावर एक नीट रचलेले १,२२४ तुकडे! बहुतेक लाकूड लेबाननच्या देवदाराचे. फळ्या जोडायला खिळे नव्हते. भोकांतून दोर ओवून सारी नाव शिवायची. अहमद यूसुफ मुस्तफा यांनी नाईलकाठच्या होड्या बांधणाऱ्यांचे काम पाहिले आणि दहा वर्षांहून अधिक काळ खपून ती उभी केली. लांबी भरली सुमारे ४३ मीटर! २०२१ साली ती गिझाच्याच नव्या संग्रहालयात नेली.

मेलेल्या राजाला नाव कशाला? आपला सूर्य सात घोड्यांच्या रथातून निघतो, त्यांचा ‘रा’ नावेतून. दिवसा एका नावेने आकाश ओलांडायचे, रात्री दुसरीने पाताळातले बारा तास काढायचे, वाट अडवणाऱ्या महासर्पाला हरवायचे आणि पहाटे पुन्हा उगवायचे. राजानेही त्याच नावेत बसावे, ही श्रद्धा. खुफूची नाव या प्रवासासाठी होती की त्याचा देह वाहून नेण्यासाठी, यावर पंडितांचे एकमत नाही. पुढच्या काळातल्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांत तर लहान लाकडी नावांची जोडी सापडते. एक शिडाची, कारण दक्षिणेला जाताना उत्तरेचा वारा पाठीशी. दुसरी वल्ह्यांची, कारण परतताना प्रवाह सोबतीला. परलोकातसुद्धा जाण्यायेण्याची सोय!

पण मला चटका लावला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या तुकड्यांवर सुतारांनी खुणा केल्या होत्या. नावेचे चार भाग कल्पून, कोणता तुकडा कोणत्या भागातला, हे सांगणाऱ्या. म्हणजे मोडणाऱ्याच्या मनात पुन्हा जोडणारा होता.

आमचे वडील दर दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील करीत. तुळशीचे लग्न लागले की तो सोडवून, कामट्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवीत. “एकदा शिकून घे रे,” असे दरवर्षी म्हणत. मला दरवर्षी पेपर तपासायचे असत.

गेल्या दिवाळीत घरात सुतक नव्हते, पण वडीलही नव्हते. कंदील लावला नाही. यंदा आई म्हणाली, “अरे, आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात. आता तर लावायलाच हवा.”

माळ्यावरून गुंडाळी काढली. प्रत्येक कामटीवर पेन्सिलीने, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेले: ‘डावी, वर’, ‘उजवी, खाली’. मी आणि चिरंजीव फरशीवर बसलो. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, “मराठीच्या प्राध्यापकांना एवढे मराठी वाचता येईल ना?” वाचता आले, जोडता येईना. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा जवळजवळ जमले आणि ‘उजवी, खाली’ माझ्या हातात कट्कन मोडली.

चिरंजीवांनी वर्तमानपत्र झटकले. त्यातून आणखी एक कामटी पडली. तिच्यावर लिहिले होते: ‘जादा. मोडल्यास.’

“आजोबांना ठाऊकच होतं, बाबा, तुम्ही मोडणार ते!” तो खदखदून हसला.

मी दोरा शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेलो.