फियाटच्या वहाणा

चपलांच्या दुकानात गेले की दुकानदार आधी आपल्या पायाकडे पाहतो आणि मग तोंडाकडे. टायरच्या दुकानात हा क्रम उलटा आहे. तिथे आधी तोंडाकडे पाहतात, त्यावरून खिशाचा अंदाज घेतात, आणि मोटारीच्या पायाकडे लक्ष जाते ते अगदी शेवटी. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी नाशकात चार दिवस टायरच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा हे ज्ञान मला झाले.

मोटार आमच्या वडिलांची. १९५९ सालची फियाट अकराशे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, पुढची दारे उलटी उघडणारी, गियरची दांडी स्टिअरिंगलाच असलेली. बाबा २००६ साली गेले. तेव्हापासून ती गंगापूर रोडच्या घराच्या पडवीत झाकून ठेवलेली असते. माझा धाकटा भाऊ बाळ (वय साठ, पण घरात अजून बाळच!) तिला दर रविवारी सुरू करतो, सोमेश्वरापर्यंत एक फेरी मारतो आणि परत आणून झाकतो.

बाबांचा एक नेम होता. नवरात्राची आणि कोजागरीची यात्रा आटोपली, की येणाऱ्या पहिल्या रविवारी आईला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर जायचे. यात्रेच्या दिवसांत खाजगी गाड्यांना नांदुरीच्या पुढे वर सोडत नाहीत, म्हणून हा मुहूर्त. बाबा गेल्यावर आई दोन-चारदा गडावर गेली, पण भाड्याच्या मोटारीने. गेल्या वर्षी मात्र तिने शहाऐंशीव्या वर्षी एकदम फर्मान काढले, "यंदा आपल्या गाडीने जाऊ. पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय?"

असे वाक्य आईने उच्चारले की मुलांना दुसरे काही सुचत नाही. मी मुंबईहून निघालो आणि कसारा घाट चढून नाशकात दाखल झालो.

मोटार तर ठाकठीक होती. इंजिन एका हाकेला उठत होते. टायरही दिसायला नव्यासारखे, नक्षी जवळजवळ शाबूत. झिजणार कुठून? वर्षाकाठी जेमतेम दोनशे मैलांची चाल! आई म्हणाली, "टायरचं काही काढू नका. २००४ साली यांनी स्वतः निवडून घेतलेत." बाळचेही मत तेच. "साठ किलोमीटर तर जायचं," तो म्हणाला, "हळूहळू जाऊ."

मलाही ते पटत आले होते. पण जुन्या नाशकात बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांना एकदा दाखवावे म्हणून मोटार तिकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी चाकाशी उकिडवे बसून टायरच्या बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबला. गुळगुळीत वाटणाऱ्या रबरावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा उघडल्या. एका भेगेत आतला धागा दिसत होता.

"साहेब, टायर पळून म्हातारा होतो, तसा बसूनही होतो," चाचा म्हणाले. "हा सपाटीला कदाचित चालेल. घाटात, पाच माणसं बसवून, उतरताना तापला, की याचा भरवसा नाही."

म्हणजे टायर घेणे आले. पाच घेणे आले, कारण डिकीतले पाचवे चाक त्याच वयाचे.

जुन्या टायरवर ५.२०-१४ असा आकडा होता. पहिला आकडा टायरची रुंदी, सव्वापाच इंचांना किंचित कमी. दुसरा रिमचा व्यास, चौदा इंच. उंची किती ते कुठेच लिहिलेले नाही. त्या काळी लिहायची गरजच नव्हती. टायर जवळजवळ रुंदीइतकाच उंच असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याही आधी तऱ्हा आणखी वेगळी होती. अमेरिकेतल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या पुढच्या टायरवर ३०×३ असे लिहिलेले असे. त्यातला तीस हा रिमचा व्यास नव्हे, अख्ख्या टायरचा! तेव्हा जुन्या मोटारवाल्याने नुसते आकडे वाचून भागत नाही. आकडे कोणत्या काळाच्या भाषेत लिहिले आहेत तेही पाहावे लागते.

आजच्या टायरची भाषा तर अर्धी फ्रेंच आणि अर्धी इंग्रज आहे. १५५/८० आर १३ असे लिहिले असेल, तर १५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, आणि १३ हा रिमचा व्यास पुन्हा इंचांतच! मधला 'आर' रेडियलचा. जुन्या टायरमधले धागे बाजेच्या विणीसारखे एकमेकांवरून तिरपे जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आऱ्यांसारखे जातात आणि वरून पट्टा बसतो. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले. या दोन जातींची जोडी एका आसावर लावू नये, मोटार वळणावर दोन मनांची होते, असे चाचांनी बजावले होते.

एवढी विद्या पदरी बांधून मी एका चकचकीत दुकानात शिरलो. आत काचेचे दार, थंड हवा, भिंतीवर चांदीसारखी चाके टांगलेली. तिथल्या तरुणाने आकडा ऐकला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी आपण पाटा-वरवंटा विचारणाऱ्याकडे पाहतो.

"काका, चौदाच्या मागे कशाला लागता? तेराची रिम टाका, १५५/८०. आज मिळेल, स्वस्त पडेल, गाडी उठून दिसेल. जुन्या फियाटवाले असंच करतात."

बाळला ते चांदीचे चाक फारच आवडले. मीही विरघळलो असतो, पण घरी येऊन बेत सांगताच आईने एकच विचारले, "चाक लहान झालं की मैल तेच राहतील का?"

मी आईकडे पाहतच राहिलो. तिने कपाटातून बाबांची वही काढली. १९५९ पासून मोटारीचा सगळा जमाखर्च तिच्यात होता. गडाची नोंद दर वर्षी एकाच साच्याची. तारीख, 'घर ते गड ३८ मैल', पेट्रोल किती, आणि शेवटी दोन शब्द, 'हवा पाहिली'. घाटात पाऊस लागला तरी तेच, शेजारच्या काकू सोबत आल्या तरी तेच. मीटर मैलांचा, म्हणून देशात किलोमीटर आले तरी बाबा मैलांतच राहिले.

मग आम्ही अंगणात प्रयोग केला. टायरवर खडूने खूण केली, मोटार चाकाचा एक फेरा होईपर्यंत ढकलली आणि आईच्या शिवणाच्या फितीने जमीन मोजली. भरले सहा फूट दीड इंच. नंतर कागदावर तेरा इंची चाकाचा हिशेब मांडला. आमच्या टायरचा मूळ व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर, दुकानातल्या टायरचा ५७८. म्हणजे दर फेऱ्याला चार इंचांहून जास्त तूट! मोटारीचा मीटर बिचारा फेरेच मोजतो. चाक लहान झाले की तेवढ्याच वाटेला फेरे वाढतात. मीटरवर साठ दिसतील तेव्हा मोटार धावत असेल सत्तावन्नच्या आत, आणि घर ते गड अंतर होईल चाळीस मैल. शिवाय मोटारीचे पोट रस्त्याच्या अर्ध्या इंचाहून अधिक जवळ येणार. घाटात ओढ किंचित सुधारली असती, हा एवढाच फायदा.

"म्हणजे गड दोन मैल लांब जाणार," आई म्हणाली. "नको बाई. आहे तिथेच बरा."

तेरा इंचांचा बेत तिथे मोडला. दुसऱ्या दिवशी मी आणि बाळ चौदा इंचांच्या शोधात निघालो. मुंबई नाका झाला, द्वारका झाली, त्र्यंबक नाका झाला. गंमत अशी की नाशिक हे टायरचेच गाव आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सिएटचा कारखाना आहे. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरीन शहरची, तिथे १९२४ साली स्थापन झालेली. १९५८ साली ती भारतात आली. आणि फियाटही तुरीनचीच, १८९९ सालची. एकाच गावच्या दोन लेकी पुढे नाशकात येऊन नांदल्या. पण टायरच्या प्रत्येक मापाला निराळा साचा लागतो, आणि हजारो गिऱ्हाईक असल्याशिवाय कोणताही कारखानदार साचा तापवत नाही. पूर्वी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे हे माप घरोघरी होते. तिथली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. चपलेचे गिऱ्हाईकच गेल्यावर चप्पल कोण शिवणार?

संध्याकाळी रविवार कारंज्याकडच्या एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून पाच टायर काढले. अंगावर कागदाची पट्टी तशीच. आकडा ५.२०-१४! बाळने त्यांना जवळजवळ मिठीच मारली. दुकानदार म्हणाले, "एकदाही वापरलेले नाहीत." ते खरेच होते. पण चाचांनी शिकवले होते, म्हणून मी टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे शोधले. होते ३११०. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१० सालचा एकतिसावा आठवडा. न चाललेला टायरसुद्धा दहा वर्षांनंतर वापरू नये, असे कित्येक टायर कंपन्याच सांगतात. आकडा बरोबर, पण रबर चौदा वर्षांचे! आमचे म्हातारे काढून दुसरे म्हातारे बसवण्यात काय अर्थ?

दुकानदारांनी वाद घातला नाही. उलट चहा पाजला आणि म्हणाले, "दर्शनी गाडी असेल तर न्या. माणसं बसवणार असाल तर नका नेऊ."

शेवटी चाचांनीच तोड काढली. रिम उतरवली, गंज खरवडला, आतली रुंदी मोजली आणि टायरवाल्यांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. १५५ आर १४ या रेडियलचा व्यास साधारण ६१०, म्हणजे मूळ टायरपेक्षा दोन मिलिमीटर कमी. १६५ चे टायर नाशकात हव्या तितक्या दुकानांत होते, पण आमच्या अरुंद रिमवर ते उशीसारखे फुगले असते आणि हँडल आणखी जड झाले असते. १५५ चे मुंबईहून मागवावे लागले. आत ट्यूब घालायचीच, कारण जुनी रिम ट्यूबलेससाठी घडवलेली नाही. हवा कुठूनही वाट काढते. टायर यायला आठ दिवस लागणार होते. म्हणजे बाबांचा रविवार चुकणार.

हे आईला कसे सांगावे या विचारात मी घरी आलो. बाबांनी निवडलेले टायर काढायचे आणि बाबांचा मुहूर्तही मोडायचा, दोन्ही एकदम. मी बोलायच्या आत तिनेच वही पुढे केली. तिने सकाळपासून चाळून तीन पानांत खुणेचे कागद घातले होते. १९६४, १९७१, १९७९. तिन्ही वर्षी गडाच्या आधी 'टायर बदलले' अशी नोंद होती, आणि १९७१ साली तर गडाची तारीखच पंधरा दिवस पुढे गेलेली.

"यांनीसुद्धा थांबवलं होतं," आई म्हणाली. "मी विसरले होते. त्या वर्षी मी रुसले होते, तेही आत्ता आठवलं."

टायर आले. चाचांनी पाचही बसवले. जुन्या टायरपैकी एक आईने बागेत ठेवून घेतला. त्यात आता गवती चहा लावला आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पहाटे निघालो. दिंडोरी रस्त्याला लागलो तेव्हा रामशेजच्या माथ्यावर ऊन आले होते. दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. वणी मागे पडली आणि सातमाळ्याचे डोंगर रांगेने उभे राहिले. नांदुरीला चहा झाला. घाटाच्या पहिल्या वळणावर मी हँडल घट्ट धरले होते. तिसऱ्या वळणावर पकड सैल झाली. मोटार जमिनीला चिकटून, कुरकुर न करता चढत होती. आई मागच्या बाकावर बसून समोरच्या मार्कंड्याकडे पाहत होती. सबंध घाटात ती एक शब्द बोलली नाही.

वर पोचलो. पूर्वी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिने आईला वर नेले. शेंदराने माखलेल्या अठरा हातांच्या देवीसमोर ती बराच वेळ उभी होती. काय मागितले ते आम्ही विचारले नाही.

परत मोटारीपाशी आल्यावर तिने मला मीटर वाचायला लावला. निघतानाचा आकडा तिच्याजवळ लिहिलेला होता. मी वजाबाकी केली. अडतीसला किंचित जास्त.

"अडतीस," असे म्हणून तिने पिशवीतून बाबांची वही आणि पेन्सिल काढली. गुडघ्यावर वही धरून तारीख लिहिली, मैल लिहिले, 'टायर नवे पाच' असे लिहिले आणि थांबली.

"निघताना हवा पाहिली होतीस ना रे?"

"पाहिली, आई."

तेव्हा कुठे तिने शेवटचे दोन शब्द लिहिले.