दांडी नसलेली सायकल

आपल्या आयुष्यातील मोठ्या गोष्टी आपण स्वतः निवडतो, अशी मनुष्याची एक समजूत असते. आम्ही आमच्यापुरता हिशेब मांडून पाहिला, तेव्हा निराळेच आढळून आले. शाळा वडिलांनी निवडली, नोकरी वर्तमानपत्रातील जाहिरातीने निवडली, आणि पत्नीची निवड आमच्या आत्याबाईंनी केली, असे म्हटल्यास आमच्या घरात कोणीही हरकत घेणार नाही. जिची निवड सर्वस्वी आमच्यावर सोपविण्यात आली, अशी पहिली वस्तू सत्तरी ओलांडल्यावर आमच्या वाट्यास आली. ती वस्तू म्हणजे सायकलचा सांगाडा. ज्यास दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही ‘फ्रेम’ म्हणतात.

आमची मुलगी दुधनीच्या बाजूस शिक्षिका आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता तिच्याकडे येऊन राहिलो. सिल्वासाहून खानवेलमार्गे सुमारे ४० किलोमीटर आत गेले की दुधनी लागते. वाट सागाच्या रानातून, टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून जाते. दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी येथवर पसरले आहे. त्यात बुडता बुडता राहिलेल्या टेकड्या बेटांसारख्या दिसतात, आणि सुट्टीच्या दिवशी नावेतून फिरावयास आलेली मंडळी त्यांचीच छायाचित्रे काढीत असतात. आमच्या वडिलांनी हा मुलूख कधी पाहिला नाही. परंतु त्याचे नाव आमच्या घरात फार जुने आहे. वडील मूळचे गोव्याचे, पोटासाठी बेळगावास आलेले. १९५४ च्या २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या अमलातून सुटले, तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी साखर वाटली, असे आई सांगत असे. स्वतःचे गाव सुटावयास त्यांना १९६१ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर दुसऱ्याच्या सुटकेत त्यांनी आपले समाधान मानून घेतले.

त्याच वडिलांनी १९५६ साली सायकल घेतली. बेळगाव हे सायकलीच्या बाबतीत काही लहान गाव नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथेच सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे नांगर, पंप व यंत्रे यांचा जो प्रचंड पसारा वाढला, त्याची सुरुवात त्या दुकानातून झाली. वडिलांची सायकल चोवीस इंची, काळ्या रंगाची, एकाच गतीची होती. चोवीस इंच म्हणजे बैठकीखालच्या उभ्या नळीची लांबी. आम्ही ती शिकलो तेव्हा बैठकीपर्यंत आमचा हात पोहोचत नसे. दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूस टाकून, अर्धीअर्धी पायडले मारीत आम्ही बेळगावचे रस्ते तुडविले. पुढे पाय लांबले आणि आम्ही दांडीवरून टांग टाकू लागलो. पहिल्यांदा टांग टाकली तो दिवस आम्हाला मॅट्रिकच्या निकालापेक्षाही स्पष्ट आठवतो. घरच्या पुरुषांत आमची गणना त्या दिवशी झाली.

ती सायकल आम्ही दुधनीस आणली. दुधाची किटली, दळणाची पिशवी, औषधे, अशी किरकोळ कामे तिच्यावर होऊ लागली. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात, एका चढावर गती संपून उतरावे लागले, तेव्हा टांग नेहमीप्रमाणे मागून फिरविली. परंतु पाय कॅरिअरवर अडकला आणि आम्ही सायकलसह रस्त्याच्या कडेस आडवे झालो. किटलीतील दूध चिखलात गेले, मनगटाचे हाड चिरले. मागून मोळी घेऊन येणाऱ्या एका वारली बाईने डोक्यावरची मोळी उतरवून ठेविली, आम्हाला उठवून बसविले, आणि मग सायकल उभी केली. हा क्रम आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. कारण आमची पहिली नजर मात्र सायकलकडे गेली होती.

मनगट सहा आठवड्यांत जुळून आले. सायकल खानवेलच्या कारागिराकडे नेली. त्याने चिखल पुसला, नळ्यांवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, आणि उभी नळी खाली जिथे पायडलांच्या आसाच्या पेटीत शिरते तेथे नख ठेवून म्हणाला, “काका, इथं बघा.” केसाएवढी चीर होती. पावसाचे पाणी वर्षानुवर्षे बैठकीच्या खुंटीवरून आत झिरपून त्या पेटीत साचत असावे. नळी आतून गंजत गेली, आणि बाहेरून रंग तसाच राहिला. “पितळेचा डाख देऊन जोडून देतो,” तो म्हणाला. “पण पडलात कशानं? चिरेनं नव्हे. जोडली तरी उंची तीच राहणार.”

त्या वाक्याने आम्हाला फ्रेमीच्या बाजारात लोटले.

येथे वाचकांनी विचारावे की, चढउताराच्या मुलखात एकाच गतीच्या सायकलीचा हट्ट कशासाठी? आमचा पुण्याचा भाचाही हेच म्हणत होता. “मामा, एकवीस गियरची हलकी सायकल घ्या; चढ जाणवायचाच नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वजनाने हलकी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि लहानमोठी दंतचक्रे यांनी चढ खरोखरच सुसह्य होतो. परंतु साखळी या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा जो नाजूक हात मागील चाकाजवळ लोंबत असतो, तो एखाद्या दगडास लागून वाकला की सरळ करणारा माणूस व सुटा भाग दुधनीस मिळत नाही. सिल्वासा किंवा वापी गाठावी लागते. फ्रेमीचीही तीच कथा. पोलाद वाकले तर सरळ करता येते, चिरले तर डाख देता येतो, आणि ते मोडण्यापूर्वी बहुधा करकरून सूचना देते. ॲल्युमिनियमला पुनःपुन्हा बसणाऱ्या हिसक्यांचा शीण साठत जातो. शिवाय ते जोडावयास निराळे यंत्र व निराळा हात लागतो, आणि जोडणीच्या उष्णतेने नरम पडलेल्या नळीस पुन्हा भट्टीचे संस्कार द्यावे लागतात. खानवेलच्या कारागिराचा प्रश्न फार मार्मिक होता: “मोडली तर कुठं न्याल?” कोणतीही वस्तू घेताना हा प्रश्न आधी विचारणाऱ्यास पुढे पुष्कळ मनस्ताप वाचतो.

गतीचे म्हणाल, तर एकाच गतीतही तारतम्य असते. जुन्या सायकलीचे पुढील चक्र ४४ दात्यांचे व मागील फ्रीव्हील १८ दात्यांचे होते. अठ्ठावीस इंची चाकावर पायडलाचा एक फेरा सुमारे साडेपाच मीटर नेई. तेच फ्रीव्हील २२ दात्यांचे केले तर फेरा साडेचार मीटरांवर येतो. सपाटीवर वेग कमी पडतो, पण गुडघ्यावरचा भार हलका होतो. मात्र हा पालट सोयीने करता यावा यासाठी फ्रेमीत एक गुण हवा. मागील चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती आडवी पाहिजे, म्हणजे चाक पुढेमागे सरकवून साखळीचा ताण जमविता येतो. गियरच्या पुष्कळ सायकलींत ती खाच उभी असते. तेथे ताण राखण्याचे काम तो लोंबता हात करतो. एकाच गतीच्या सायकलीस असा मदतनीस नसतो. बैठक, हँडल, चाके, साखळी, सारे मागाहून बदलता येते. फ्रेमीची उंची, तिची धातू आणि ती खाच ही मात्र एकदा ठरली की ठरली. म्हणून फ्रेम निवडणे म्हणजे आपण कशावाचून चालवून घेणार, हे आधी कबूल करणे होय.

दुसरा पर्याय बांबूचा निघाला. तो ऐकून आम्ही हसलो, पण तो हसण्यासारखा नव्हे. इंग्लंडात १८९४ च्या सुमारास बांबूच्या सायकली बनत होत्या, आणि अलीकडे आपल्याकडे पुण्यासही बनल्या आहेत. बांबू रस्त्याचे हिसके चांगले गिळतो. दुधनीच्या आसपास तर त्याची काय वाण! टोपल्यांपासून घराच्या कुडांपर्यंत त्याच्यावाचून येथे पान हलत नाही. परंतु टोपली विणणे निराळे आणि नळ्यांचे सांधे धाग्याने व राळेने असे बांधणे की ते मणभर ओझ्याखाली तसूभर हलू नयेत, हे निराळे. ती विद्या जाणणारा जवळपास आम्हास आढळला नाही. पुन्हा तोच प्रश्न: मोडली तर कुठे न्याल?

तिसरा पर्याय सर्वांत सभ्य होता. तीच सायकल, तोच काळा रंग, तीच दांडी, फक्त बावीस इंची. सोनिपतचा ॲटलास कारखाना १९५१ चा, लुधियानाचा हीरो १९५६ चा. ॲटलासचे उत्पादन २०२० साली थांबले. परंतु या साऱ्या पंथाच्या सायकली एकमेकींच्या इतक्या सख्ख्या बहिणी आहेत की एकीचा भाग दुसरीस बहुधा चालून जातो. आम्ही दुकानात जाऊन बावीस इंचीवर टांग टाकून पाहिली. टांग पडली, पण बैठकीला हात देऊन, ओठ घट्ट मिटून पडली. दुकानदाराच्या मुलाने आपली दृष्टी दुसरीकडे वळविली. त्याच्या त्या सौजन्याने आम्हाला जे कळावयाचे ते कळले.

घरी येऊन आम्ही त्या बावीस इंचीचे गुण वर्णन करू लागलो, तेव्हा सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या. त्यांचे माहेर मडगावचे; रागावल्या अथवा जिव्हाळ्याने बोलू लागल्या की त्या मराठी सोडून कोंकणीवर येतात. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, “पांय वयर वचना जाल्यार दांडी सकयल हाडची. तातूंत लज कसली?”

पाय वर जात नसेल तर दांडी खाली आणावी. त्यात लाज कसली! बोलणे इतके सरळ होते की आम्ही उलट काही बोलू शकलो नाही. दांडी खाली आणलेली सायकल म्हणजे लेडीज सायकल. चौथा पर्याय आमच्या यादीत पहिल्यापासून होता; फक्त आम्ही तो लिहिला नव्हता.

मग आम्ही, हरलेला वकील करतो तसा, शास्त्राचा आधार शोधू लागलो. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली. तेव्हापासून पुरुषी फ्रेम समभुज चौकटीच्या घाटाची, म्हणजे वस्तुतः पाठीस पाठ लावलेले दोन त्रिकोण, अशी स्थिरावली. त्रिकोण सहसा मुरडत नाही. वरची दांडी काढून घेतली की पुढला त्रिकोण मोडतो, आणि ओझे लादल्यावर फ्रेम थोडी पिळवटते. ती उणीव भरून काढण्यासाठी नळ्या जाड घ्याव्या लागतात, किंवा एकीऐवजी दोन उतरत्या नळ्या द्याव्या लागतात; वजन वाढते. हा आक्षेप खरा आहे. परंतु आम्ही त्यावर काय लादणार होतो? पाच शेर दूध आणि दहा किलो दळण. आणि ही रचना झग्याचा घोळ अडकू नये म्हणून स्त्रियांसाठी निघाली, हे जरी खरे असले, तरी हॉलंडात वयस्क पुरुष तीवर खुशाल बसतात. पाय कोणाचा आहे हे नळीस काय ठाऊक?

आधार सापडला, तरी मन तयार होईना. तेव्हा आम्ही स्वतःस विचारले की, अडचण कशात आहे? ती लोकांच्या हसण्यात नव्हती. दुधनीस ज्याला सायकल मिळते तो मिळेल त्या सायकलीवर बसतो. अडचण बेळगावच्या त्या मुलाची होती, ज्याने एके दिवशी दांडीवरून टांग टाकली आणि आपण मोठे झालो असे समजून घेतले. साठ वर्षे आम्ही ती टांग टाकीत होतो. तीत पोहोचण्याची सोय कमी, प्रतिष्ठाच अधिक होती. खाली उतरता येत नाही अशी उंची काय कामाची, हे मनगटाने सांगितले. पण मान्य करावयास सूप घेऊन बसलेली माणसे लागली.

आम्ही पोलादी, दोन उतरत्या नळ्यांची, आडव्या खाचेची, सव्वीस इंची चाकांची लेडीज सायकल घेतली. कारागिराने मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविले, साखळीला एक जोड वाढविला, आणि बैठकीची खुंटी जिथे नळीत शिरते तेथे ग्रीस भरून वर जुन्या ट्यूबचा एक तुकडा चढविला, की पाणी आत उतरू नये. वडिलांच्या फ्रेमीची चीरही त्याने जोडून दिली. ती आता पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. ती कोणास द्यावी याचा विचार आम्ही करीत आहो. उंच पायाचा कोणी मिळाला की देऊ. तिची पूजा मांडून ठेवणे वडिलांना आवडले नसते. वस्तू वापरात असावी, असे त्यांचे मत होते.

नव्या सायकलीचा एक लाभ आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. शेजारच्या पाड्यावरील एक मुलगी मुलीच्या शाळेत येते. दुपारी सायकल मोकळी असते, तेव्हा ती मागून नेते. दांडीखालून पाय घालण्याची तिला गरज पडली नाही. चार दिवस पडली, पाचव्या दिवशी बैठकीवर बसून निघाली. वडिलांच्या फ्रेमीत एका वेळी एकच मनुष्य मावत असे, जो तिच्या उंचीचा असेल तो. या फ्रेमीत आम्ही, सौभाग्यवती, मुलगी आणि ती पोर, असे चौघे मावतो. बैठक तेवढी वरखाली करावी लागते.

चढ मात्र चढच राहिला. एकाच गतीच्या सायकलीवर सत्तरीचा मनुष्य तो चढून जाईल, असा दावा आम्ही करीत नाही. तो वळणावर दिसू लागला की आम्ही पाय पुढून काढून सहज खाली उतरतो आणि हँडल धरून चालू लागतो. त्या वेळी रस्त्याने मोळीवाल्या बाया जात असतात. पूर्वी आम्ही धापा टाकीत त्यांना मागे टाकण्याचा यत्न करीत असू. आता चढ संपेपर्यंत त्यांच्याबरोबर चालतो. जिने आम्हाला चिखलातून उठविले होते, ती परवा भेटली. सायकलीकडे पाहून ती हसली आणि म्हणाली, “ही बरी हाय.”

तिची मोळी आम्ही कॅरिअरवर ठेविली, आणि दोघे चालू लागलो.