ताकाविना कढीगोळे

दारव्ह्याकडच्या आमच्या घराचा गोठा गेल्या महिन्यात पाडला. कोपऱ्यातल्या जुन्या पोत्यातून सरकीच्या ढेपेचा खवट वास आला आणि मला ते पारडू आठवलं. मेलेलं, कातड्यात कुटार भरून म्हशीपुढे उभं केलेलं. म्हैस ते चाटायची, तिला पान्हा फुटायचा, खाली चरवी भरायची. रात्री त्याच दुधाच्या ताकाचे कढीगोळे व्हायचे आणि मी ताट चाटूनपुसून खायची.

दूध सोडून मला बरीच वर्षं झाली. कढीगोळे सुटले नाहीत.

शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून वाटायचे, गाळायचे. ते दूध उकळून कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे देठ घालून झाकून ठेवायचं. सकाळी दही लागतं. दाण्याचा वास थोडा राहतो, पण बेसन लावून कढी मंद आचेवर चढवली आणि मेथीदाणे, हिंग, लसूण, लाल मिरचीची फोडणी बसली की तो दबतो. गोळे नेहमीचेच: भिजवलेल्या चणाडाळीचे, भरड वाटलेले, सांबार भरपूर. गोळाभाताला तर काही बदलावंच लागत नाही. त्यावर आपल्याकडे तेलाची फोडणी, सोबत चिंचेचं सार.

गांधीजींनीही १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. गवळी गायी-म्हशींचे कसे हाल करतात, हे त्यांनी कलकत्त्याहून आलेल्या लिखाणात वाचलं होतं. १९१८ च्या आजारपणाआधी त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. शेवटी त्या आजारात कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढून दिली. ते प्याले आणि जगले, पण व्रताचा शब्द पाळून अर्थ सोडल्याचं शल्य त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं. वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामात आजही त्यांच्या शेळीच्या गोष्टी सांगतात. ते शल्य कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो. दुधामागचं पारडू मी पाहिलं आहे.

आईला हे सगळं पटत नाही. “ताकाबिगर कढी असते का बाई?” असं म्हणते, तरी माझ्यासाठी दाण्यांची सालं तीच काढत बसते. ऐंशीकडे झुकलेली तिची बोटं, ओल्या सालांनी लाल झालेली. तिला वाद घालून पटवायचं मी सोडून दिलं आहे.

हे दाणे मात्र दुकानातून येतात. आमच्या वावरात पराटी, तूर, सोयाबीन. भुईमूग होता, तो रानडुकरांनी उकरून उकरून बंद पाडला. ज्यांच्याकडे विहिरीजवळ तुकडा आहे आणि रात्री जागलीला माणूस आहे, त्यांनी चार तास तरी भुईमूग पेरावा. घरच्या ताज्या दाण्याचं दही दुकानातल्या दाण्यापेक्षा फार गोड लागतं.