धागा कशाला चिकटतो?



मागच्या महिन्यात मुलाबरोबर घरी ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ हा २०२१ चा चित्रपट पाहिला. त्यात तीन स्पायडर-मॅन एकत्र येतात. त्यांतला टोबी मॅग्वायर दिसला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले!

त्याचं कारण असं. २००४ साली मी नोकरीसाठी इथे नवीन आलो होतो. खोलीत एक गादी, एक कुकर आणि प्लेस्टेशन २. त्या वर्षी निघालेल्या ‘स्पायडर-मॅन २’ या गेममध्ये याच मॅग्वायरचा आवाज होता. परवा माळ्यावरून ते खोकं काढलं, धूळ झटकली, आणि आश्चर्य म्हणजे ते चाललं!

‘‘बाबा, या बिल्डिंग्ज नुसते डबे आहेत!’’ मुलगा हसला. मग खेळायला बसला आणि धपकन खाली पडला. मी त्याला गंमत सांगितली. आधीच्या, २००२ च्या गेममध्ये धागा जणू आकाशालाच चिकटायचा. या गेममध्ये तो खऱ्या इमारतीला चिकटावा लागतो. मग स्पायडर-मॅन लंबकासारखा झोका घेतो. सुटायचं कधी, ते आपण ठरवायचं. आजूबाजूला उंच काही नसेल तर झोका नाही. माझ्यातला इंजिनिअर यावरच खूश होता. पिझ्झा पोचवणं, मुलांचे सुटलेले फुगे पकडणं, ही कामंसुद्धा मी तासन्‌तास केली.

इतकी, की दर रविवारी कॉलिंग कार्डावरून आईला सांगलीला फोन लावायचो तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून. हात कंट्रोलरवर! ती विचारायची, मी ‘‘हो, हो’’ म्हणायचो. एकदा महिन्याभराने मामाकडून कळलं की आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रागावून फोन केला. ती शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, तुला विचारलं होतं की. तू ‘हो’ म्हणालास.’’

गेमला पॉजचं बटण होतं. मी ते दाबलं नव्हतं.

हे आठवत होतं तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘‘हो आजी, हो.’’ मी काही न बोलता पॉज दाबलं. तो चिडला. पण आजीनेच विचारलं, ‘‘काय खेळतोयस रे?’’ आता आली पंचाईत! ‘वेब’ला मराठीत काय म्हणायचं? तो अडला, माझ्याकडे पाहिलं, मग ‘धागा’ आठवला. आजीला सगळं समजावून सांगताना वीस मिनिटं गेली.

शेवटी आजी म्हणाली, ‘‘पण मग तो धागा चिकटतो तरी कशाला?’’

‘‘बिल्डिंगला, आजी. आकाशाला नाही चिकटत.’’

गेम अजून पॉजवरच होता.